दफनभूमीतली हजेरी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. पुनरुत्थानावर ज्याचा विश्वास आहे, त्यानं आपल्या गेलेल्या माणसासाठी रडावं की रडू नये? — घाई नको! काही माता आत्ताच पदर चाचपू लागल्या, म्हणून सांगतो. आधी रूथबाईंची हकिकत ऐका, मग ठरवा.

माळखडक नावाचं गाव. तिथल्या शाळेत रूथबाई भिंगारदिवे सव्वीस वर्षं शिकवत होत्या. बाई कशा? एकदा तपासणीला साहेब आले. हेडमास्तर हळूच कानाशी लागले, "बाई, आजच्या दिवस चार पोरं हजर मांडा." बाई म्हणाल्या, "ती कैऱ्या पाडायला गेलीत, सर. म्हणाल तर कैऱ्यांसकट आणून उभी करते. पण नसलेल्याला हजर मांडणार नाही!" अशी बाई! अशा माणसाशी देवालासुद्धा जपून बोलावं लागत असेल!

भाद्रपदात गावात तापाची साथ आली. आधी बाईंचे यजमान शांतवनराव गेले. अठराव्या दिवशी एस्तेर गेली — एकुलती एक लेक, परिचारिकेचं शिक्षण घेणारी, वडिलांच्या उशाशी बसून बसून तीच अंथरुणाला खिळली. तीन ताटांचं घर, मंडळी! एक ताट उरलं.

आता माळखडकच्या मंडळीची एक रीत आहे. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उजाडता उजाडता, सारे दफनभूमीत जमतात. वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं पाळकसाहेब वाचतात. एकेक नाव घ्यायचं, आणि घरच्या माणसानं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं — "उठेल!" बस्स, एवढा एकच शब्द.

आदल्या दिवशी सगळे कबरींना चुना लावायला गेले. बाईही गेल्या. सोबत शेजारची सालोमीमावशी, हातात चुन्याची बादली. दोन कबरी शेजारी शेजारी, आणि वर कडुनिंब — नुकता फुटलेला! तांबूस, कोवळी, लकाकती पालवी! बाई त्या झाडाकडे बघत राहिल्या, आणि एकाएकी म्हणाल्या, "लाज नाही वाटत याला?"

"अगं, झाडाला कसली लाज?"

"मावशी, पाच महिने पाण्याचा टिपूस नाही. विहिरीनं तळ गाठला. कशाच्या जोरावर फुटलंय हे?"

"ते मला काय विचारतेस? मी काय त्याला पाणी घालायला आले होते?" मावशीनं चुन्यात कुंचला बुडवला. "उद्याचं बोल. नावं घेतील तेव्हा उत्तर देशील ना?"

"नाही."

"रूथ! अगं, म्हणायचं असतं!"

"म्हणायचं असतं म्हणून म्हणू? जे मला दिसत नाही, ते देवासमोर हजर मांडू? नाही व्हायचं माझ्याच्यानं."

हसू नका तिला, मंडळी. दोषही देऊ नका. आपण प्रार्थनेत किती शब्द सवयीनं ढकलतो! ही बाई एका शब्दासाठी अडून बसली, कारण तिला तो खरा म्हणायचा होता. आणि तिचा प्रश्न तरी कसा! विलायतेत बर्फ वितळतो, पाणी खळखळतं, मग वसंत येतो; त्यात नवल काय? आपल्याकडे पाहा. माती भेगाळलेली, ऊन माथ्यावर, पाऊस अडीच महिने लांब — आणि झाड फुटतं! म्हणा माझ्यामागून —

पाणी नाही कोठे । पालवी फुटली ।
ऐकिली कोणाची । हाक तिने ॥

रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी यादी उघडली. "शांतवन भिंगारदिवे." सारे बाईंकडे बघू लागले. बाई उभ्या राहिल्या, पण ओठ मिटलेले. पाळकसाहेब थांबले. "एस्तेर शांतवन भिंगारदिवे." शब्द नाही! बाई खाली बसल्या. कोणीतरी खाकरलं. पाळकसाहेब समजूतदार, त्यांनी पुढचं नाव घेतलं.

"पेत्रस."

हा पेत्रस कोण? प्रभुमंदिराची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवणारा म्हातारा. कुठून आला, कोणाचा, ठाऊक नाही. सहा वर्षं मंदिराच्या पडवीत राहिला, माघात गेला. आडनावसुद्धा सांगितलं नाही त्यानं! महाभांडखोर! तंबाखू खाऊन नेमका रूथबाईंच्या कुंपणाशी थुंकायचा. बाईंनी त्याला इतकं झापलं होतं, इतकं झापलं होतं, की बाई दिसल्या की तो रस्ता बदलायचा!

पेत्रसचं घरचं माणूस कोण? कोणीच नाही. सारे एकमेकांची तोंडं पाहू लागले. पाळकसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं — "पेत्रस."

आणि रूथबाई ताडकन उठल्या!

"उठेल!" खणखणीत आवाज. "उठेल, आणि उठल्या उठल्या तंबाखू मागेल!"

मंडळी, दफनभूमीत हशा पिकला! सालोमीमावशीला ठसका लागला. पाळकसाहेबांनी यादी तोंडासमोर धरली. आणि बाई — सात महिन्यांत पहिल्यांदा — स्वतः हसल्या. हसता हसता थबकल्या. मनात आलं, त्या म्हाताऱ्याला असं वाऱ्यावर सोडायला आपलं मन धजलं नाही. मग देवाचं धजेल? तंबाखूची पुडी शोधणारा पेत्रस आपल्याला आत्ता लख्ख दिसला. मग आपली दोघंच तेवढी का दिसू नयेत?

"पाळकसाहेब," बाई म्हणाल्या, "माझी दोन नावं पुन्हा घ्या."

"शांतवन भिंगारदिवे."

"उठेल."

"एस्तेर शांतवन भिंगारदिवे."

बाईंचे डोळे वाहू लागले. "साहेब... रडत म्हटलं तर चालतं?"

"बाई, प्रभूसुद्धा मित्राच्या कबरीपाशी रडला होता. मग त्यानं त्या मेलेल्या मित्राला कबरीतून जिवंत बाहेर बोलावलं."

"उठेल!" बाई म्हणाल्या. रडत म्हणाल्या, पण अशा म्हणाल्या की पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.

मिळालं उत्तर? धन्य ती बाई! तिनं खोटा शब्द उच्चारला नाही, आणि खरा गवसला तेव्हा तो आसवांसकट उच्चारला. आता तुमची पाळी. यंदा आपल्यातही जागा रिकाम्या झाल्या आहेत. मला इथून दिसताहेत. आपल्या माणसाचं नाव ओठांवर येत नसेल, तर जबरदस्ती करू नका. शेजारी बघा. त्याचं कोण गेलं, ते हळूच विचारा. आणि त्याच्या माणसासाठी तुम्ही उभे राहा.

विचारलंत? मग उठा, मंडळी. मी पहिलं नाव घेतो.