मडक्याले हात लावाची बंदी

बाई, त्या कॉलेजच्या दारूबंदीवाल्या पोरायचं नावच काढू नका! पोरीले पाहाले अकोल्याचे पाहुणे येनार, अन् नवऱ्यानं घरात मोहाच्या दारूचं मडकं लपवून ठेवलं. मी सांडलं असतं तर त्यानं मले बदडलं असतं. म्हनून हे स्वयंसेवक बोलावले.

त्यायचा म्होरक्या म्हने, "काकू, दारूले हात लावाची आमाले बंदी हाये."

"अरे, प्याची नाही, सांडाची हाये!"

"नियम म्हंजे नियम."

तेवढ्यात नवरा आला. "पोरंहो, तुमी कायले हात विटाळता? मीच रिकामं करतो," म्हने, अन् उभ्या उभ्या घटाघटा पेला.

पाहुणे दारात आले, तवा हा झुलून राहिला होता. म्होरक्या मले म्हने, "काकू, आता घरात थेंब नाही!"