उद्यापुरता आवाज

नाही हो मावशी, मुकी नाहीय ती. सगळे तसंच विचारतात, तुमचं काही चुकलं नाही. बोलते की — पण माझ्या कानात. रात्री पांघरुणात शिरली की इतकं बोलते, इतकं बोलते — मांजर कुठे गेलं, आमच्या मालकीण सेन्योरांनी केस का कापले, ढग खाली पडतो का — माझेच डोळे मिटायला लागतात. घे गं मारिसिएलो, मावशी मका देतायत ना, घे, लाजू नको. घेतला बघा. आता चघळत बसेल. चावणार नाही. भाजलेला मका कुडुमकुडुम वाजतो ना — आमच्याकडे नाही चालत तसलं, म्हणून तिला चावायची सवयच नाही. दात आहेत हो, सगळे आहेत!

उद्या सकाळी तपासणी आहे तिची, सरकारी दवाखान्यात. तीन वर्षांची झाली ना. वजन-उंचीची मला काळजी नाही, सेन्योरा पोटाला कमी करत नाहीत, खोटं का बोलू? पण मग ती नर्स खेळ मांडते — ठोकळे रच, गोल काढ, एका पायावर उभी राहा, दोन्ही पायांनी उडी मार, नाव सांग. मोठ्यानं सांग. ठोकळ्यांचं सोडा, त्यात हिचा हात कुणी धरणार नाही. आमच्या खोलीत साबणाच्या वड्यांचा मनोरा रचते — आणि कसा रचते, आधी बोटं ठेवते, त्यांवर वडी, मग हळूच बोटं काढून घेते. टक् म्हणून वाजत नाही. मी नाही हो शिकवलं — म्हणजे, शिकवलं. मीच शिकवलं.

मी राहती कामवाली, खोली स्वयंपाकघराच्या मागे. पोटुशी होते तेव्हा दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी गाठोडं बाहेर टाकलं असतं. सेन्योरांनी नाही. म्हणाल्या, नेलिदा, बाळाला घेऊन राहा, फक्त घरात मूल आहे हे साहेबांच्या कानांना कळता कामा नये. साहेबांचं डोकं नाजूक आहे हो, अपघातापासून. दार आपटलं तरी दिवसभर अंधार करून पडतात. देवमाणूस आहेत सेन्योरा. मग मी काय करणार? रडली की छातीशी दाबायची. पाय फुटले तसे लोकरीचे मोजे, आणि चवड्यांवर चाल, बाळा. हसू आलं तर उशीत तोंड. पाणी हवंय तर माझ्या मनगटाला हात लाव. गुणी पोर, चटकन शिकली. लोकांची पोरं सांगून सांगून गप्प बसत नाहीत — काय? नाही, बाहेर कुठे नेणार? या लिमा शहरात माझं कोण आहे?

मागच्या खेपेला नर्स म्हणाली, ही बोलत कशी नाही, चवड्यांवर का चालते? आता तीन पूर्ण झाल्यावरही असंच असलं तर मोठ्या इस्पितळात पाठवणार. आठवड्यातून दोनदा, सकाळचं. मी सेन्योरांना सांगितलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत — शांतपणे म्हणाल्या, सकाळी मला घरात कुणीतरी लागतं गं, नेलिदा. एवढंच. मी काय समजायचं ते समजले. आणि जाऊ कुठे? वर डोंगरात आईच्या घरात आता भावजयीचं राज्य, ती मला उंबऱ्याशी उभी करायची नाही. नर्सला खरं सांगू? ती चौकशीला घरी येणार, बेल वाजवणार, दार उघडणार सेन्योरा — मग? आणि हिला शिकवलं मोठ्यानं बोलायला, तर घरी नाही का बोलणार? तीन वर्षांच्या पोराला काय कळतंय, इथे बोल नि तिथे गप्प! इकडे आड, तिकडे विहीर, मावशी.

म्हणून आज इथे आणलंय. रविवारची दुपार तेवढी माझी. म्हटलं, या समुद्राच्या वाऱ्यात कोण ऐकतंय. उद्यापुरता आवाज हवाय मला, नर्ससमोर घटकाभर, जास्त नाही. भांडी आवरून आले तेव्हापासून वेड्यासारखी उड्या मारून दाखवतेय, तो फुगेवालासुद्धा हसला. ही आपली गुडघ्यांत वाकते, हात मागे नेते — आणि पाय काही उचलत नाही.

मारिसिएलो, बघ, मावशी बघतायत. बूट कशाला काढतेस! गवतावर चालतात बूट. हं — एक, दोन — वर गं, वर — आई गं! मारली! बघितलंत? दोन्ही उचलले, तुम्ही साक्षीला आहात! मार, अजून मार! आता नाव. मावशींना नाव सांग तुझं. कानात नाही — तिथून. मोठ्यानं. अजून मोठ्यानं, राणी, समुद्रापर्यंत जाऊ दे —

ऐकलंत? केवढा आवाज! मला ठाऊकच नव्हतं हिचा आवाज असा आहे — थोडा जाडसर, आमच्या तात्यांसारखा. तीन वर्षं झाली, आणि मला आईला ठाऊक नाही — बास गं. झालं. पुरे आता, मारिसिएलो. पुरे म्हटलं ना. लोक बघतायत — अगं गप्! गप्प!

नाही मावशी, लागलं नाही तिला. नुसता तोंडावर ठेवला. आपोआप गेला हो हात. रडतेय कुठे? ती नाही रडत. सोडते ना, सोडते मी — तुम्ही जा. बस चुकेल तुमची. बघत काय बसलाय, जा म्हटलं ना.