मुद्दाम फाटलेला आवाज

अन् वरून तो म्हणते कसा, काका, हा आवाज मुद्दाम फाटते! मुद्दाम? तुमाले सांगतो, हे ऐकून आमच्या भाऊजींचं तोंड जे झालं ना... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा येडा काय बडबडून राहिला.

भाऊजी म्हणजे गणपतराव, नंदनवन मोहल्ल्यातले, बिछायतवाले, म्हणजे मंडप, गाद्या अन् लाऊडस्पीकर भाड्यानं देणारे. चाळीस वर्षं झाली, लग्न म्हणा, बारसं म्हणा, जयंती म्हणा, मंडप फाटन, बोलणाऱ्याचा गळा फाटन, पण भाऊजींच्या भोंग्यातून आवाज फाटणार नाही. तेवढीच त्यांची इस्टेट. अन् संशयी किती? नवा बल्ब आणला तर तीन होल्डरमंधी लावून पाहतात. काही पटलं नाही का एकच वाक्य, पाणी मुरून राहिलं.

तर त्यांची पोरगी सोनिका, तिनं घेतली इलेक्ट्रिक गिटार. नुसती वाजवली तर मच्छर गुणगुणून राहिला असं वाटते. तिले पाहिजे होता लहानसा अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करायचा डबा, घरातल्या घरात रियाज कराले. भाऊजी म्हणतात, गोडाऊनमंधी एवढे डबे पडून आहेत, त्यातला घे ना. ती म्हणे, बाबा, गिटारचा वेगळा असते. वेगळा काहून? पाणी मुरून राहिलं.

मग काय, ती तिच्या गाडीवर, भाऊजी स्कूटरवर अन् त्यांच्या मागं मी, साळा, साक्षीदार म्हणून. सक्करदऱ्याले दुकान. दुकानदार हर्षित, मागं केसांची शेंडी बांधलेला. त्यानं काढला डबा, टिफिनएवढा. किती वॉटचा? पाचचा. पाच! अहो, आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब याच्यापेक्षा दमदार असन. वर एक बटन, गेन लिहिलेलं. भाऊजी म्हणतात, गेन म्हणजे फायदा ना? कोणाचा? मग मागं एक छेद दिसला. हेडफोनचा म्हणे. आता तुम्हीच सांगा, आवाज मोठा करायचं मशीन घ्यायचं अन् आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कानात बुच्चे घालून बसायचं... पाणी मुरून नाही राहिलं तर काय होऊन राहिलं?

तरी सोनिकानं वाजवलं. काय गोड, काय साफ! भाऊजींची मान डोलाले लागली. तेवढ्यात हर्षितनं एक खटका दाबला अन् घर्रर्र... फाटला! भाऊजींनी झेप घेऊन प्लगच उपटला. म्हणे पीस खराब आहे, दुसरा दाखवा. दुसराबी फाटला. तिसराबी फाटला. तेव्हा हर्षित बोलला, मुद्दाम. रॉकच्या गाण्यात गिटार अशीच फाटकी लागते, लोकं खास याच्यासाठीच घेतात म्हणे. भाऊजी माह्या कानात म्हणाले, "पुरा माल खराब आहे, अन् हा त्याले फॅशन म्हणून राहिला."

पण सोनिका त्या डब्याले सोडेच ना. पोरीपुढं कोणाचं चालते? आणला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या यमुताई दारात. त्यांच्या कामिनीचं लग्न, साउंड भाऊजींचाच ठरलेला. हळूच म्हणाल्या, "गणपतराव, मशीन बिघडली का जी? दुपारपासून आवाज फाटून राहिला. लग्नाले दुसरा कोणी पाहू का?"

आत गिटार बंद झाली. सोनिका बाप काय बोलते ते ऐकत उभी. मशीन बिघडली म्हणावं तर चाळीस वर्षांचं नाव गेलं. पोरीले वाजवता येत नाही म्हणावं, तर नाव वाचते, पण पोरीचं तोंड उतरते. मी बाजूलेच बसलो होतो. भाऊजी म्हणाले, "फाटला नाही, यमुताई. पोरीनं फाडला. मुद्दाम."

यमुताईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसे भाऊजी साऱ्या दुनियेकडं पाहतात. पण ऐन वेळेवर दुसरा साउंडवाला कुठून आणतील? भाऊजींचाच राहू दिला.

लग्नाच्या दिवशी भाऊजींनी जीव ओतून साउंड लावला. अक्षता पडल्याचाबी आवाज येईन इतका साफ! जेवणाच्या पंगती सुरू, तेवढ्यात नवरदेवाचा मित्र गिटार घेऊन स्टेजवर चढला, दोन मिनिटं वाजवलं, अन् सगळ्या वऱ्हाडासमोर माइकमंधून म्हणते कसा, काका, आवाज लयच साफ आहे जी, जरा फाटत नाही का?

भाऊजींनी माह्याकडं पाहिलं. मी पत्रावळीकडं पाहिलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, सोनिकाले लावला अन् एवढंच बोलले, "तो डबा घेऊन ये वं, बाई. आपला काही फाटून नाही राहिला."