सहाला वाजलेला भोंगा

अहो, आमच्या अप्पांचं ऐका. उज्जैनच्या मिलचा भोंगा तेच वाजवायचे. कामाच्या वेळा बदलायच्या तर आधी नोटीस लावायची, असा नवा कायदा नुकताच आला होता. एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी फर्मावलं, मजूर आज तासभर जास्त थांबतील, सुटीचा भोंगा पाचऐवजी सहाला वाजवा.

अप्पा म्हणाले, "साहब, आता आधी नोटीस लावावी लागते."

"मेरा हुकुम ही नोटीस है!" असं बजावून साहेब स्वतः मात्र पाचलाच घरी गेले.

घरी चहाचं आधणसुद्धा नव्हतं. बाईसाहेब म्हणाल्या, "अभी भोंगा कहाँ हुआ?" तेव्हा सगळं गाव त्या भोंग्यावरच चालायचं ना!

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले. "भोंगा टाइम पे बजाओ!"

अप्पा अदबीनं म्हणाले, "जी साहब. बस, एक नोटीस घर पे भी लगानी थी."