न लांबणारे पट्टे

एटापल्लीच्या या उपचार केंद्रात दुखरा खांदा, कंबर, गुडघा घेऊन येणाऱ्या आणि व्यायामाचा पट्टा ओढता न आल्याने तसेच घरी परतणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, अध्यक्ष बापूरावजी, मंचावरील खरेदी समितीचे मान्यवर आणि आज निरोप घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट दिव्यानी मॅडम,

अध्यक्षांना दुसरा क्रमांक दिला. दुखणेकऱ्यांचा मान आधी.

मॅडमनी चार वर्षांत एकच गोष्ट मागितली, रबरी पट्टे. पिवळा सर्वांत हलका, मग लाल, हिरवा. काळा सर्वांत कडक. दुखऱ्या हाताने पिवळ्यापासून सुरुवात करायची. पण आमची समिती अनुभवी! चंद्रपूरच्या दुकानात तिने बैलाचं दावं पारखावं तसे पट्टे पारखले. एक टोक एका सदस्याकडे, दुसरं बापूरावांकडे. केंद्राचा मदतनीस म्हणून मी सोबत होतो. पिवळा लांबला, तसे बापूराव म्हणाले, "हे काय कामाचं? बैल एका झटक्यात पळून जाईन!"

दुकानदार नूरुद्दीनभाई काकुळतीला आले. "भाऊ, याले बैल नाई बांधाचा. पेशंटनं ओढाचा हाय."

"मंग आमचे पेशंट का कमजोर हायेत?"

या प्रश्नापुढे वैद्यकशास्त्राने काय बोलावं? पन्नासच्या पन्नास पट्टे काळे आले. समितीचं अभिनंदन! आजवर एकही तुटला नाही. तुटायला आधी कुणी तो ताणावा लागतो.

समोर बुधरीबाई बसल्या आहेत. मोहफुलं वेचताना अस्वलाने त्यांचा खांदा फाडला. जखम भरली, पण हात उठेना. काळा पट्टा धरून त्या म्हणाल्या, "मॅडम, मी याले नाई ओढून राह्यली, हेच मले ओढून राह्यलं." आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन एक पिवळा पट्टा आणला. त्यावर बुधरीबाईंचा हात खांद्यापर्यंत आला. अजून डोक्यापर्यंत जायचा आहे, आणि भाताची रोवणी महिन्यावर आली आहे. तो एकुलता पट्टा सतरा जण वापरत होते. परवा तो तुटला.

आता मॅडम जातील, सोमवारी नवीन मॅडम येतील आणि त्यांच्या स्वागताला काळे पट्टे तयार आहेत. आमच्या आदरातिथ्याला काय कमी?

मला बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. पण बापूराव, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांचं मागणीपत्र मॅडमनी तुमच्यापुढे ठेवलं आहे. तीनदा तुम्ही म्हणालात, "पुढच्या सभेत पाहू." ही सभाच आहे. मॅडमना शाल पांघरवण्याआधी त्यावर सही करा.