नऊ तारखेचा तक्ता

नाही, नाही, सुशांत – तो नऊ तारखेचा कागद खाली ठेव आधी. तुमच्या संशोधनाच्या लेखात घ्यायचा नाही तो. माहितेय मला, सगळ्यात सुंदर लाट त्यातच आहे – तुझ्या मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. बस. चहा घे. तुला वाटत असेल, ह्या मराठीच्या मास्तराला काय कळतंय – खरंय, पण वीस वर्षांचा संसार, पद्मजानं – तुझ्या मॅडमनंच – भाजी निवडता निवडता शिकवलंय सगळं – प्रबळगडावर ढग गडगडले की हवेत लाटा उठतात, वर वर चढत जातात, पार उपग्रह फिरतो तिथवर, आणि त्याचा रेडिओ-संदेश त्यांतून येताना कमी-जास्त होतो. तो मोजला की अंतराळातलं हवामान उमगतं. बरोबर ना? म्हणून तर सुकापूरच्या ह्या गच्चीवर ते यंत्र. रोज संध्याकाळी उपग्रह डोक्यावरून जायचा, बारा मिनिटं – ती काटा बघून आकडा सांगणार, मी लिहिणार.

मग तिचा दवाखाना सुरू झाला. तिथंही तेच – "अहो, आजचं घेतलंत ना? खंड पडू देऊ नका हं." आठ तारखेपर्यंत खरंच घेतलं – रिक्षानं इथं गच्चीवर यायचो, परत तिच्याकडे पळायचो. नऊला डॉक्टर म्हणाले, आज इथून हलू नका. मग? तिथंच स्टुलावर बसून भरला तक्ता. पण आकडे सुचेनात रे – खोटं लिहायलाही समोर काहीतरी लागतं. ती झोपली होती. श्वास मोठा आला की मोठा आकडा, बारीक आला की लहान... जागी झाल्यावर मागितला तिनं. चष्मा लावला, बोट फिरवत राहिली – "अहो, लाट! किती स्वच्छ! सुशांतला सांगा, झाला आपला लेख." हसली. दुसऱ्या दिवशी गेली.

सांगायला हवं होतं का मी तिला? तूच सांग – नको, नको सांगूस. अंदाजानं भरलेले तुझे आठवड्याचे आकडे तिनं तुझ्यादेखत फाडले होते ना? मग तिच्या नावाखाली हा कसा छापायचा? आठपर्यंतचे सगळे खरे आहेत, शपथेवर. त्यात एवढी लाट दिसत नाही म्हणतोस – नसू दे. नाही झाला लेख तर नाही झाला.

अरे, फाडतोस काय! दे इकडे. दे म्हणतो ना... बाकीची फाईल ने तू. आणि जाताना दार ओढून घे.