फळीकाकांची किल्ली

आदरणीय अध्यक्षताई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे फळीकाका, आणि शेतातली कामं टाकून आलेल्या सर्व मंडळींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

भाषणाचा कागद घरून लिहून आणलाय, पण लक्ष सारखं खिडकीकडे जातंय. आभाळ भरून आलंय आणि वरच्या शेतांत कालच खत पडलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या शेतांखाली जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत. त्या ओढ्याकाठच्या एका कुलूपबंद हौदात येतात, आणि त्याची किल्ली काकांकडे. हौदात लाकडी फळ्या बसवल्या की पाणी शेतातच थांबतं, काढल्या की ओढ्याला लागतं. आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला आपली पिण्याची विहीर. खत टाकल्यावर आठ दिवस फळी काढायची नाही आणि पिकाला पाणी बेतानंच द्यायचं, हा काकांचा नियम. त्यापायी त्यांनी किती शिव्या खाल्ल्या असतील? निम्म्या तर माझ्याच. हसू नका, काकू साक्षीदार आहेत.

पुढे कागदावर ‘शिस्त, सेवा, समर्पण’ असं लिहिलंय. ते राहू द्या.

दोन वर्षांपूर्वी काका डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा हौदाची किल्ली दोन दिवस माझ्याकडे होती, हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक. माझा मका पाण्यात उभा राहून पिवळा पडत चालला होता. खत टाकून तीनच दिवस झाले होते. मी सकाळी दोन फळ्या काढल्या, संध्याकाळी परत बसवल्या आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

माझी वहिनी इथे पहिल्या रांगेत बसली आहे. बाळाच्या दुधासाठी ती विहिरीचं पाणी उकळून घ्यायची. उकळून खत जात नाही, हे काकांनीच मला सांगितलं होतं. मनात पाल चुकचुकत होती, तरी मी ओट्याशेजारी उभा राहून गुमान चहा पीत होतो. बाळाचे ओठ निळे पडले तेव्हा दवाखान्यापर्यंत गाडी मीच चालवली, आणि तेव्हाही बोललो नाही. बाळ वाचलं ते डॉक्टरसाहेबांमुळे.

विहिरीच्या पाण्यात खत उतरल्याचं निघालं, मग याच सभागृहात आपण काकांना धारेवर धरलं. काका एवढंच म्हणाले, "किल्ली माझी, चूक माझी." मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हौदावर बोलावलं आणि म्हणाले, "आता नीट शिकून घे." दोन वर्षं शिकवलं, पण तो विषय पुन्हा काढला नाही.

वहिनी, मला तुझ्याकडे बघायचा धीर होत नाहीये.

आता काका हौदाचं काम सोडताहेत आणि अध्यक्षताई ती किल्ली माझ्या हाती देणार आहेत. घ्यायच्या आधी हे सांगणं भाग होतं. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

मला बोलू दिलंत, याबद्दल आभारी आहे. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. दोन वर्षांपूर्वीचं मात्र घालू नका.

पत्र्यावर थेंब वाजायला लागलेत. पाऊस आला की वरची तिसरी फळी चढवावी लागते, नाहीतर पाणी फळ्यांवरून ओढ्यात जातं. काका, तुम्ही उठू नका, आज तुम्ही बसा. अध्यक्षताई, किल्ली कोणालाही द्या, पण आत्ता द्या.